एका भांड्याचा इतिहास

बुधवार हा आमच्या घरातला माझा वार आहे. म्हणजे उपासाचा नव्हे, स्वयंपाकाचा. (पहिले काही बुधवार या दोन्हींत फारसा फरक नव्हता, असं आमचे चिरंजीव म्हणतात. पण चिरंजीवांच्या म्हणण्याला घरात पूर्वीपासूनच फारसं वजन नाही.) त्याचं असं झालं, की मी निवृत्त झाल्यावर घरात कुणाच्या तरी उपयोगी पडावं, असा ठराव माझ्या अनुपस्थितीत एकमताने मंजूर झाला. बुधवारी संध्याकाळी सौ.चा गाण्याचा क्लास असतो. चिरंजीव आणि सूनबाई आपापल्या कचेऱ्यांतून साडेआठला उगवतात. आणि सहावीतली नात साडेसातलाच समोर उभी राहून ‘आजोबा, भूक’ असं दोन शब्दांचं निवेदन सादर करते. तेव्हा बुधवारचं रात्रीचं जेवण माझ्या गळ्यात आलं.

पहिल्या बुधवारी मी नातीला मोठ्या उदारपणे विचारलं, “काय करू?”

मुगाची खिचडी म्हणेल, असा माझा हिशेब होता. ती म्हणाली, “पास्ता. कोळंबी घालून.”

आता कोळंबीची मला भीती नाही. मी मालवणाकडचा. आमच्याकडे मूल आधी मासे ओळखायला शिकतं आणि मग नातेवाईक. पण पास्ता या प्रकरणाशी माझा संबंध लग्नाच्या पंगतीत दुरून नमस्कार करण्यापलीकडे गेलेला नव्हता. मी पुड्याच्या पाठीवरची कृती चष्मा लावून वाचली आणि ती अक्षरशः पाळली. एका मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. दुसऱ्यात टोमॅटो शिजवले. तिसऱ्यात कोळंबी परतली. चौथ्यात ती काढून ठेवली. चाळण नव्हती म्हणून पातेल्यावर ताट धरून पास्ता निथळायला गेलो, तेव्हा पास्त्याने माझ्या बोटांमधून जी धाव घेतली ती थेट मोरीत. अर्धा तिथून परत मिळवला. हा अर्धा कोणता, हे मी आजतागायत घरात सांगितलेलं नाही.

क्लासहून परतलेल्या सौ.ने ताटाकडे पाहिलंच नाही. तिने मोरीकडे पाहिलं.

“अहो, जेवणारी माणसं पाच आणि भांडी अकरा?”

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासणाऱ्या बाईंनी पदर खोचता खोचता विचारलं, “काल आजोबांनी कुणाचं लगीन काढलं होतं का?” त्यानंतर सौ.ने मला जे बजावलं, त्याला इतिहासात निर्वाणीचा खलिता म्हणतात. “पुढच्या बुधवारी काय हवं ते करा. पण एका भांड्यात करा.”

माझा स्वभाव असा आहे, की व्यवहारात अडचण आली की मी इतिहासात शिरतो. घरातला नळ गळायला लागला, तेव्हा लोक नळवाल्याला शोधत होते आणि मी मोहेंजोदडोच्या गटारांबद्दल वाचत होतो. तेव्हा एका भांड्यात पास्ता कसा करायचा, या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी स्वयंपाकघरात न जाता ग्रंथालयात गेलो, यात माझ्या घरच्यांना काहीच नवल वाटलं नाही.

सुरुवातीलाच शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनी मला जिन्यात गाठलं. “पास्ता? अहो, तो मार्को पोलोने चीनहून नेला. मूळ आपल्या आशियाचाच!” ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. छान आहे, पण खोटी आहे. मार्को पोलो चीनहून व्हेनिसला परतला १२९५ साली. आणि त्याआधी सोळा वर्षं, १२७९ साली, जिनोआ शहरात उगोलिनो स्कार्पा नावाच्या एका नोटरीने पोंझिओ बास्तोने नावाच्या शिपायाच्या मालमत्तेची यादी केली, तीत मॅकरोनीने भरलेली एक टोपली नोंदवलेली आहे. मला त्या नोटरीबद्दल फार आपुलकी वाटते. आपल्याकडेही वाटणीच्या याद्यांत ‘पितळी डबा झाकणासह एक’ असतंच. माणूस मेल्यावर कुणीतरी बसून त्याचं टोपलीभर खाणं मोजतं, आणि त्या मोजण्यामुळे सातशे वर्षांनी मार्को पोलोचं पितळ उघडं पडतं! ती चीनची गोष्ट सर्वदूर पसरवली ती अमेरिकेतल्या मॅकरोनी कारखानदारांच्या एका व्यापारी पत्राने, १९२९ साली. त्या गोष्टीत पोलोच्या जहाजावरच्या एका खलाशाचं नावच मुळी ‘स्पगेटी’ होतं. म्हणजे उद्या कुणी लिहावं, की पुरणपोळीचा शोध श्रीयुत पुरणपोळे यांनी लावला. प्राध्यापकांना हे सांगितल्यापासून ते जिन्याऐवजी लिफ्टने जातात.

मग पास्ता आला कुठून? त्याचा नीटस कागदोपत्री पुरावा सापडतो तो सिसिली बेटावर. तिथे दुसरा रॉजर नावाचा ख्रिस्ती राजा होता आणि त्याच्या पदरी अल्-इद्रीसी नावाचा अरब भूगोलकार होता. या इद्रीसीने ११५४ साली पुरा केलेल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे, की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी वाहतं पाणी आहे, गिरण्या आहेत, आणि तिथे ‘इत्रिया’ इतकी बनते, की ती जहाजं भरभरून मुसलमानी आणि ख्रिस्ती मुलखांत पाठवतात. इत्रिया म्हणजे पिठाच्या वाळवलेल्या शेवया.

‘वाळवलेल्या’ हा शब्द वाचला आणि मी ग्रंथालयात एकटाच मोठ्याने “अरेच्या!” म्हणालो. कारण सौ.चं माहेर घाटावरचं. तिच्या आईकडे उन्हाळ्यात गच्चीवर खाटा टाकून शेवया, गव्हले, बोटवे, नखुले, मालत्या असा सगळा कारखाना चालायचा. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात जावई म्हणून मला तिथे मानाचं काम मिळालं होतं. कावळे हाकायचं. आणि इकडे नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावात, जुनी छायाचित्रं पाहिलीत तर, भर रस्त्यात काठ्यांवर मॅकरोनी वाळत घातलेली दिसते. डोंगराचा वारा आणि समुद्राचा वारा यांच्या कैचीत ते गाव असल्यामुळे मॅकरोनी बेताने वाळते, म्हणून ते गाव त्यासाठी प्रसिद्ध झालं. गहूसुद्धा ओळखीचाच निघाला. पास्त्याला लागतो तो ड्यूरम जातीचा कडक गहू. आपला बन्शी त्याच जातीचा. सासूबाई रव्यासाठी बन्शीच हवा म्हणून दुकानदाराशी भांडायच्या, तेव्हा त्या सिसिलीची बाजू लढवत होत्या, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि दुकानदारालाही.

हे मी घरी आल्या आल्या सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे माझ्या आईचे बोटवे तुम्ही चाळीस वर्षं खाल्लेत, आणि आता ते इटलीचे म्हणून कौतुक होय? आणि एका भांड्याचं काय झालं?”

एका भांड्याचीही एक दंतकथा मला सिसिलीतच सापडली. ८२७ साली युफेमिओस नावाचा बायझंटाइन आरमाराचा सरदार आपल्याच सम्राटावर उलटला आणि आफ्रिकेतून अरबांचं सैन्य घेऊन सिसिलीच्या माझारा गावी उतरला. इथवर इतिहास. पुढची गोष्ट अशी सांगतात, की सैन्य भुकेलं होतं आणि आचाऱ्यांपाशी काहीच नव्हतं. मग त्यांनी किनाऱ्यावर मिळतील ते सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीची चुलत भावंडं, गोळा केले. डोंगरावरची रानबडीशेप उपटून आणली, पाइनचे दाणे टाकले, आणि सगळं एकत्र शिजवून वाढलं. पाइनचे दाणे का, तर मासे शिळे निघाले तर विष उतरावं म्हणून! पालेर्मोचा सार्डिन घातलेला पास्ता या दिवसापासून सुरू झाला म्हणतात. खरंखोटं त्या आचाऱ्यांना ठाऊक. पण ज्याने कधी साडेसातला घरात भुकेलं सैन्य पाहिलंय, तो या गोष्टीवर अविश्वास दाखवणार नाही.

पास्ता खऱ्या अर्थाने गरिबांच्या पोटात गेला तो मात्र नेपल्समध्ये. या नेपल्सच्या लोकांना पूर्वी बाकीचे इटालियन ‘पानखाऊ’ म्हणून चिडवायचे. आपल्या अर्थाने विडे खाणारे नव्हेत, कोबी आणि पालेभाज्या खाणारे. पण सतराव्या शतकात शहरात माणसं मावेनाशी झाली, मांस परवडेनासं झालं, आणि त्याच सुमारास पीठ मळायची आणि मॅकरोनी दाबून काढायची यंत्रं आली. हे दाबयंत्र म्हणजे आमच्या आजीच्या शेवग्याचा थोरला भाऊ. आजी तांदळाच्या उकडीच्या शेवया पाडायची, तेव्हा शेवग्याच्या दांड्यावर बसायला घरातला सर्वांत वजनदार माणूस लागायचा. तर, यंत्रांमुळे मॅकरोनी स्वस्त झाली आणि पानखाऊ नेपल्सवाले ‘मॅकरोनीखाऊ’ झाले. जर्मन कवी गटे १७८७ साली तिथे होता. मॅकरोनी सगळीकडे स्वस्तात मिळते, बहुधा नुसत्या पाण्यात शिजवतात आणि वर किसलेलं चीज घालतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. रस्त्यात एक मोठं भांडं, खाली जाळ, आणि हातात घेऊन मान वर करून तोंडात सोडायची. काटे नाहीत, चमचे नाहीत, ताटंही नाहीत. सौ.ला हवं असलेलं आदर्श राज्य ते हेच.

पण त्या चित्राला दुसरीही एक बाजू आहे. पुढे परदेशी प्रवासी नेपल्सला येऊ लागले आणि गरीब माणूस हाताने मॅकरोनी कसा खातो, हे पाहण्यासाठी त्याला पैसे देऊ लागले. त्याची छायाचित्रं काढू लागले, कार्डांवर छापून विकू लागले. भुकेल्या माणसाने जेवायचं आणि भरल्या पोटाच्या माणसाने ते बघायचं! हे वाचताना मला कुठंतरी टोचलं. का टोचलं ते लगेच ध्यानात आलं नाही. मी पान उलटलं.

पुढच्या पानावर टोमॅटो होता. टोमॅटो युरोपात आला अमेरिकेतून, सोळाव्या शतकात. पण इटालियन माणसाने त्याची पास्त्याशी सोयरीक जुळवायला शतकं घेतली. आमच्या एका नात्यातल्या मुलीच्या पत्रिका बघताना मी तरी इतका उशीर झाल्याची तक्रार करायला नको होती. नेपल्सच्या इप्पोलितो काव्हालकांती नावाच्या उमरावाने १८३९ साली आपल्या पाकपुस्तकाच्या नव्या आवृत्तीला नेपल्सच्या बोलीभाषेत एक पुरवणी जोडली, तीत टोमॅटोतल्या शेवया आहेत. म्हणजे ज्याला आपण जगाच्या आरंभापासूनचा इटालियन पदार्थ समजतो, तो लाल पास्ता तसा अलीकडचाच आहे.

आता एका भांड्याचं. इटालियन पद्धत अशी, की पास्ता भरपूर पाण्यात वेगळा उकळायचा. पण गरिबाघरी भरपूर पाणी, भरपूर सरपण आणि भरपूर भांडी असतातच असं नाही. म्हणून नेपल्सच्या घरांत बटाटा आणि पास्ता एकाच भांड्यात, एकाच पाण्यात शिजवायची रीत आहे. तीही मोडक्या पास्त्याची. दुकानदाराच्या खणांच्या तळाशी जे निरनिराळ्या जातींचे तुकडे उरत, ते एकत्र करून स्वस्तात विकले जात. आज तोच मोडका पास्ता मुद्दाम मिसळून, सुंदर पुड्यांत बांधून विकतात. २०१३ साली अमेरिकेत मार्था स्ट्यूअर्ट यांच्या मासिकाने एका भांड्यातल्या पास्त्याची कृती छापली आणि ती जगभर गाजली. तिची कल्पनासुद्धा मासिकाच्या माणसांनी दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतात पाहून आणलेली होती. गरिबाची अडचण श्रीमंताकडे पोचेपर्यंत तिची फॅशन होते, ती अशी.

या एका भांड्यामागे शास्त्रही आहे. पास्ता शिजताना त्याचा स्टार्च पाण्यात उतरतो. भरपूर पाण्यात उकळलात, की तो मोरीत जातो. (माझा तर पास्ताही गेला होता.) पण मोजक्या पाण्यात शिजवलात, की तोच स्टार्च पाण्याला आणि तेलाला एकत्र बांधून ठेवतो आणि त्याचा दाटसर रस होतो. आपण भाताची पेज टाकत नाही, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा ज्यांना बुधवार आहे त्यांच्यासाठी सांगतो. पाच माणसांना ४०० ग्रॅम स्पगेटी. पसरट आणि खोल असं एकच भांडं घ्यावं. त्यात आधी शिळ्या पावाचा चुरा चमचाभर तेलावर कुरकुरीत परतून वाटीत काढावा. (वाटी भांड्यांत मोजत नाहीत. याबाबत घरात वाद आहे.) मग त्याच भांड्यात ऑलिव्ह तेल, दहाएक लसूणपाकळ्यांचे काप आणि सुकी लाल मिरची. लसूण गुलाबी व्हावी, तपकिरी नको. त्यात साफ केलेली अर्धा किलो कोळंबी, मीठ लावून, दोन मिनिटं परतायची. कोळंबी इंग्रजी ‘सी’सारखी वाकली की झाली. ‘ओ’सारखी वळली, की ती खोडरबर म्हणून नातीच्या कंपासपेटीत ठेवावी. ती वाटीत काढून त्याच तेलात चार टोमॅटो चिरून घालावेत, सव्वा लिटर पाणी, मीठ, आणि स्पगेटी आडवी घालावी. मोडू नये. मोडल्यास इटालियन माणसाला कळू देऊ नये. उकळी फुटली की ढवळत राहायचं. नऊ-दहा मिनिटांत पाणी आटतं आणि रस धरतो. मग कोळंबी परत आत, वर कोथिंबीर, लिंबू आणि तो पावाचा चुरा. चीज नाही. माशावर चीज घालू नये असा इटलीत दंडक आहे. नातीने याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा मी तिला सांगितलं, की सिसिलीत ज्यांना चीज परवडायचं नाही ते पावाचा चुरा परतून घालायचे आणि त्यालाच गरिबाचं चीज म्हणायचे. ती म्हणाली, “पण आपल्याला परवडतं ना?” हल्लीची मुलं इतिहासाचा आदर करत नाहीत.

दुसऱ्या बुधवारी मोरीत एक भांडं आणि दोन वाट्या होत्या. सौ.ने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. “बरं झालंय,” ती म्हणाली. आमच्या संसारात हा शेरा परमवीरचक्राच्या खालोखाल समजला जातो.

इथे खरं म्हणजे लेख संपायला हवा होता. पण मी ते पुस्तक परत करायच्या आधी उरलेली पानं चाळली आणि एका ओळीवर थबकलो.

सिसिलीत सार्डिनच्या त्या प्रसिद्ध पास्त्याचाच एक गरीब अवतार आहे. त्यात रानबडीशेप असते, पाइनचे दाणे असतात, परतलेला चुरा असतो. फक्त सार्डिन नसतात, कारण ते विकत घ्यायला पैसे नसतात. आणि या पदार्थाचं नाव काय? ‘समुद्रात असलेल्या सार्डिनचा पास्ता.’ नेपल्समध्येही तसंच. लसूण, टोमॅटो, हिरवी पानं, सगळं तिसऱ्यांच्या पास्त्यासारखं, पण तिसऱ्या नाहीत. त्याचं नाव ‘पळून गेलेल्या तिसऱ्यांची स्पगेटी’. थोर नाटककार एदुआर्दो दे फिलिप्पो याच्या नावाशी हे नाव जोडलेलं आहे.

पुस्तक मिटून मी बसून राहिलो. कारण हे नाव मी आधी ऐकलेलं होतं. मालवणीत.

आम्ही लहानपणी गावी आजीपाशी राहायचो. वडील मुंबईला नोकरीत, आणि त्यांची मनिऑर्डर महिन्याच्या सुरुवातीला यायची. महिनाअखेरीला आजी खोबरं, मिरची, धणे असं व्यवस्थित वाटण वाटायची, त्रिफळं ठेचून घालायची, कोकमं टाकायची, आणि त्यात बटाट्याच्या फोडी सोडायची. ताटात वाढताना म्हणायची, “बांगड्याचा तिखला.” मी फोडी उलथ्यापालथ्या करून विचारायचो, “आजी, बांगडा कुठाय?” ती म्हणायची, “बांगडो दर्यात गेलो हा. येतलो. तू जेव.”

एकदा अशाच महिनाअखेरीला वडिलांचे एक मुंबईचे स्नेही अचानक आले. आजीने त्यांना तेच वाढलं, तेच नाव सांगून. ते भल्या माणसासारखे जेवत होते, “वा, काय चव आहे,” म्हणत होते. आणि मी, वय वर्षं आठ, पंगतीत मोठ्याने म्हणालो, “यात बांगडा नाहीच आहे. आजी नेहमी खोटं सांगते.”

आजी रागावली नाही. तिने पाहुण्यांना आणखी एक डाव वाढला आणि आत गेली. तिसऱ्या दिवशी मनिऑर्डर आली. संध्याकाळी खरोखरचा बांगडा शिजला आणि त्यातली मधली तुकडी तिने माझ्या ताटात वाढली. तिने मला चार धपाटे घातले असते तर मी केव्हाच विसरून गेलो असतो. ती मधली तुकडी काही विसरता आली नाही. मी कॉलेजात असताना ती गेली. तिची माफी मागायची राहून गेली, कारण माफी नेमकी कशाची मागायची, हेच मला समजत नव्हतं. मी तर खरं बोललो होतो!

साठ वर्षांनी, ग्रंथालयाच्या पंख्याखाली, कुठल्या तरी सिसिलीतल्या बायकांनी मला ते समजावून दिलं. मासा आहे, तो आमच्या ताटात नाही, समुद्रात आहे. यात खोटं काय? पैसे नव्हते म्हणून त्यांनी मासा सोडला होता, पण पदार्थ सोडला नव्हता, आणि त्याचं नावही सोडलं नव्हतं. आणि मी भर पंगतीत, नेपल्सच्या त्या प्रवाशांसारखा, आमच्याच घरातली भूक पाहुण्याला दाखवून मोकळा झालो होतो.

यंदाच्या जुलैतला एक बुधवार. दर्यावर मासेमारीची बंदी, बाजारात ताजी कोळंबी नाही, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये नुसता बर्फ. मी एकच भांडं चढवलं. लसूण, मिरची, टोमॅटो, सव्वा लिटर पाणी, चुरा, लिंबू, सगळं अगदी तस्संच केलं. साडेसातला नात येऊन बसली. तिने काट्याने पास्ता दोन्ही बाजूंनी उचकटून पाहिला.

“आजोबा, कोळंबी कुठाय?”

“दर्यात गेली आहे.”

“कधी येणार?”

“नारळी पौर्णिमेनंतर.”

तिने जरा विचार केला. “मग तिच्या वाटणीचा पास्ता मला वाढ.”

मी वाढला. तेवढ्यात दार उघडून सौ. आत आली आणि पायातल्या चपला काढता काढताच म्हणाली, “काय वास सुटलाय! अहो, बंदीच्या दिवसांत कोळंबी कुठून पैदा केलीत?”

मी नातीकडे पाहिलं. नातीने माझ्याकडे पाहिलं. वय वर्षं अकरा.

“आत्ताच संपली गं, आजी,” ती म्हणाली आणि खाली मान घालून जेवत राहिली.

जेवणं झाल्यावर भांडं मी स्वतः घासलं. एकच तर होतं.